टाकीवाला गीझर

परदेशात, सेंगकांग नावाच्या भागातल्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच सुमारास सासूबाई नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे यायच्या होत्या. गीझर अजून बसवायचा होता. नवऱ्याने फोनवर सहज विषय काढला, तर त्या म्हणाल्या, जमलं तर टाकीवाला घ्या, बादली लवकर भरते. मी फोन हातात घेतला आणि समजावलं, की टाकीतलं पाणी उगाच तापत राहतं, बाथरूम एवढंसं आहे, आणि इथे बहुतेक जण भिंतीवरचा छोटा डबाच लावतात. बटण दाबलं की शॉवरला लगेच गरम पाणी. इथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणाले, "आणि आई, तुम्ही असून असून तीन महिने असणार. तेवढ्यासाठी कशाला?"

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या.

त्या आल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून बुद्धांच्या छोट्या मूर्तीसमोर वंदना म्हणायच्या, आणि आमचं आवरेपर्यंत पोळ्या झालेल्या असायच्या. पाणी नीट येतं ना, असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. येतं की, म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

दोन-सव्वादोन महिन्यांनी त्यांचा खांदा इतका आखडला, की वेणी घालायला हात वर जाईना. एका संध्याकाळी मलम चोळताना मी म्हटलं, आंघोळीला गरम पाणी जरा जास्त घेत जा, शेक बसेल. माझी सात वर्षांची मुलगी खाली बसून चित्र रंगवत होती. वर न बघताच ती इथल्या शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी नेव्हर ऑन द हीटर, ला." म्हणजे आजी हीटर लावतच नाही.

सासूबाईंना खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. एका हातात शॉवर धरून त्यांना आंघोळ जमत नव्हती. स्टुलावर बसून बादली-मग घ्यायची सवय. शॉवरचा पाइप बादलीत सोडला तर गरम पाण्याची धार बारीक, बादली भरता भरत नाही, आणि बाहेर आमची तिघांची ऑफिसची, शाळेची घाई. म्हणून पहिल्या दिवसापासून त्या नळाचं गार पाणी घेत होत्या.

"मग सांगायचं ना, आई." माझ्या आवाजात चीड होती, हेही मला आठवतं.

"तीन महिन्यांचाच तर प्रश्न होता," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मी रजा काढून माणूस बोलावला आणि बाथरूमच्या दाराच्या वरच्या भिंतीवर लहान टाकीवाला गीझर बसवून घेतला. जागा होती. नीट बघितलं असतं तर आधीही दिसली असती. त्यांच्या परतीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

पुढच्या रविवारी त्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. "सुनेनं माझ्यासाठी मुद्दाम टाकीवाला लावून घेतला," त्या सांगत होत्या, "मी यायच्या आधीच."

बाहेर जाऊन खरं सांगावं असं मनात आलं. मी भेंडी चिरत राहिले. नंतरही त्या दोनदा आमच्याकडे राहून गेल्या. मी तो विषय काढला नाही, त्यांनीही नाही.