किमचीला फोडणी

आई लंडनच्या पिनर उपनगरात माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "माझं परतीचं तिकीट अलीकडचं काढ. इथे बोलायला चिटपाखरू नाही." मी "बघते" म्हणाले. आमच्या घरात "बघते" म्हणजे नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. मला ती हवी होती. वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले असताना खालून भांड्यांचा आवाज आला तरी मला बरं वाटायचं.

माझी सगळी भिस्त शेजारीणबाईंवर होती. बाई इंग्लिश, सत्तरीच्या, आणि पोटाच्या आरोग्याने झपाटलेल्या. आधी त्यांनी पाव सोडला होता, मग दूध, आणि आता पाव पुन्हा धरून सोबत कोरियन जेवण सुरू केलं होतं. कोरियन तिखटाने हृदय सुधारतं, कातडी उजळते, सांधे मोकळे होतात, असं त्या कुंपणापलीकडून सांगत. सांगताना नाक लाल आणि डोळ्यांतून धारा. आई मराठीत उत्तर देई आणि मी दोन मीटिंगांच्या मधे धावत येऊन फुकटची दुभाषीगिरी करी.

एका रविवारी त्यांनी किमचीची बरणी दिली. किमची म्हणजे तिखट-मीठ लावून आंबवलेला कोबी. आम्ही शाकाहारी म्हणून ही खास बिनमाशाची.

"टेल हर इट्स अलाइव्ह," बाई म्हणाल्या. "मिलियन्स ऑफ लिव्हिंग बॅक्टेरिया."

"त्यात जिवंत जंतू आहेत म्हणतात," मी आईला सांगितलं. "लाखो."

आईने बरणी उजेडात धरून नीट पाहिली. "आणि हे ती औषध म्हणून खाते?"

"रोज."

"मला पुण्याच्या डॉक्टरने बारा वर्षं लोणचं बंद केलंय. इथे लोणचं हेच औषध. तिला सांग, माझा डॉक्टर गाढव आहे."

"शी सेज थँक यू," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी क्लायंटला काहीतरी समजावत असताना हिंगाचा वास जिना चढून वर आला. कॉल संपवून खाली गेले, तर कढईत मोहरी, हिंग, हळद, चिमूटभर गूळ आणि सबंध किमची. आई झाकण ठेवून दणदणीत वाफ आणत होती.

"अगं, ते जंतू चांगले असतात. दह्यात असतात तसे."

"दह्यात जंतू नसतात, विरजण असतं," आई म्हणाली. फ्लॉवर मिठाच्या पाण्यात घालून अळ्या काढण्यात जिची हयात गेली, तिच्याशी यापुढे काय बोलणार? मी वर निघून गेले आणि तिथेच चुकले. कारण रिकामं भांडं परत द्यायचं नाही या आपल्या रीतीने आईने अर्धी भाजी त्याच बरणीत भरली आणि दुभाष्याविना स्वतः जाऊन देऊन आली.

खिडकीतून पाहिलं तेव्हा बाई कुंपणाशी चमचा घेऊन उभ्या होत्या. मी चपला न घालताच धावले.

"इज दिस माय किमची?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "डिड शी कुक देम?" घरातलं कोणी गेल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

तेवढ्यात आई मागून आली आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट इंग्रजीत बोलली. "ऑल डेड," ती समाधानाने म्हणाली. "नो वरी."

बाई बरणी घेऊन आत गेल्या. मंगळवारी त्या कुंपणाशी आल्या नाहीत, बुधवारीही नाहीत. आई वाळलेलेच कपडे पुन्हा झटकून दोरीवर घालत उभी राहिली. मला तिचा राग आला होता, आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. संध्याकाळी तिने विचारलं, "तिकिटाचं बघितलंस?"

गुरुवारी बेल वाजली. दारात बाई, हातात किमचीच्या दोन बरण्या. दोन्हींवर इंग्रजीत चिठ्ठ्या: एकीवर "जिवंत", दुसरीवर "मारण्यासाठी". ती भाजी त्यांनी टोस्टवर घालून दोन दिवसांत संपवली होती आणि शरमेपोटी तोंड दाखवलं नव्हतं. "हेल्थ बेनिफिट्स, निल," त्या म्हणाल्या. "आय हॅड थर्ड्स." म्हणजे तिसऱ्यांदाही वाढून घेतली होती. तीन आठवड्यांनी पुढची किमची आंबून तयार होईल, तेव्हा आईने त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन फोडणी शिकवावी, अशी त्यांची विनंती होती. मी ती शब्दशः पोचवली.

जेवताना आई म्हणाली, "तिकिटाचं काय केलंस?"

"बघते आहे."

"नको बघूस. मी नसले तर तीन आठवड्यांनी ती बाई ते जिवंतच खाईल."