मागच्या सीटवरून पाहिलेलं स्पिती

मागच्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर खूप हसलात. शेजारच्या आपांनी माझा फोन उचलून तसाच अंगणात आणला आणि तुम्हाला दिसलं की आजोबा मोटरसायकलवर बसले आहेत, मागे मी बसले आहे, दोघांच्या डोक्यात हेल्मेट आहे आणि गाडी स्टँडवर उभी आहे. धाकटीने विचारलं, "आजी, गाडी चालूच नाहीये, मग हेल्मेट कशाला?" मी म्हटलं, आजोबांचा नियम आहे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. म्हणून आज क्रमाने लिहिते. तुमचे बाबा वाचून दाखवतील. वाचताना ते मध्येच थांबले तर त्यांना थांबू द्या.

आजोबांनी सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात केली. तिथे दुचाक्या तयार होतात. तयार झालेली गाडी बाहेर पडण्याआधी तिचं इंजिन चालवून पाहायचं, हे त्यांच्या विभागाचं काम. त्या आवाजात त्यांचा डावा कान हळूहळू गेला. मी छावणीतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मला रस्त्यात ओरडून बोलायला अजिबात आवडत नाही. तेव्हा आमच्या स्कूटरवर आपोआप एक पद्धत पडली. मी नीट बसले की तळहात त्यांच्या पाठीवर सपाट टेकवायचा, म्हणजे निघा. खांद्यावर एकदा थाप, म्हणजे हळू. दोनदा, म्हणजे थांबा. चिमटा काढला तर काय समजायचं ते त्यांचं त्यांनी. गुलमंडीत कापड घ्यायला जाताना, मुकुंदवाडी स्टेशनवर पाहुणे आणायला जाताना, तुमच्या बाबांना ताप आला तेव्हा दवाखान्यात धावताना, आम्ही असंच बोललो.

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण तिचा पुढे संबंध आहे. पाळी सुटली की आजोबा कधी एकटे घरी आले नाहीत. बसथांब्यावर कुणी ताटकळत दिसलं की गाडी बाजूला घ्यायची आणि विचारायचं, "कुठं सोडू?" माझी आई म्हणायची, जावईबापूंची गाडी म्हणजे सिटीबसच आहे.

आयुष्यभर त्यांनी लोकांसाठी गाड्या तपासल्या आणि स्वतः पैठणच्या पुढे फारसे गेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी स्कूटर देऊन मोटरसायकल घेतली आणि एकच हट्ट धरला. स्पितीला जायचं, आणि जायचं तर मोटरसायकलवर. तुमचे बाबा तिकडून म्हणाले, "बाबा, या वयात?" आजोबा म्हणाले, "मग कुठल्या वयात? पोराच्या शिक्षणाच्या वयात जमलं नाय." शेवटी बाबांनीच वाटाड्या असलेली सहल शोधून दिली. सगळ्यांत पुढे वाटाड्या, मध्ये आम्ही सगळे, आणि शेवटी सामान व मेकॅनिक घेऊन येणारी एक पिकअप. गाड्या शिमल्यात भाड्याने मिळणार होत्या.

तेव्हा आजोबांचं थोडं विसरणं सुरू झालेलं होतं. चहा झाल्यावर पुन्हा चहा मागायचे. मी ते वयावर टाकलं. त्या वयाचे सगळेच काही ना काही विसरतात, आणि गाडी चालवताना त्यांचं कधीच काही चुकत नव्हतं.

पहिल्या सकाळी वाटाड्याने सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितले. तो स्पितीचाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याच्यापुढे कुणी जायचं नाही. आणि फाटा आला की पुढच्याने थांबायचं. मागची गाडी दिसली, तिला वळण कळलं, की मगच निघायचं. "बस इतना कीजिए," तो म्हणाला, "तो कोई नहीं खोएगा." हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचं यंत्र तो मला देऊ लागला, तेव्हा आजोबा म्हणाले, "आमच्याकडं चाळीस वर्षं जुनं यंत्र आहे. चार्जिंग लागत नाय."

सोबतची बाकीची मंडळी तरुण होती. आमच्या मागे पुण्याची एक मुलगी गाडी चालवायची. ती आम्हाला काका-काकू म्हणायची आणि संध्याकाळी मला म्हणायची, "काकू, काकांना जरा सावकाश चालवायला सांगा ना, मला लाज वाटते." खरोखरच ते फार सुंदर चालवत होते. सतलजच्या काठाने, कड्यात कोरलेल्या रस्त्यावरून, पाणी वाहणाऱ्या वळणांवरून. मला खोल दरी दिसली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि गालाला त्यांच्या जॅकेटचा खरखरीतपणा लागायचा. किन्नौरातल्या सफरचंदाच्या बागा मागे पडल्या आणि झाडं संपली. डोंगर नुसते मातीचे आणि दगडांचे, आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या डोंगरांसारखेच, पण त्यांच्यावर बर्फ. आजोबा म्हणाले, "दौलताबादचा किल्ला आकाशाएवढा केला की असं दिसंल." मला ते आवडलं. माझ्या पाठमोऱ्या सोबत्याला मी त्या दिवसांत जितकं खूश पाहिलं तितकं, खरं सांगते, आमच्या लग्नातही पाहिलेलं नाही.

ताबोहून काझाकडे जाताना एक फाटा लागतो. सरळ रस्ता काझाला. डावीकडे नदीवर लोखंडी पूल आहे आणि त्याच्यावरून पिनच्या खोऱ्यात रस्ता जातो. आमच्या पुढचा गाडीवाला तिथे थांबला होता. त्याने सरळ बोट दाखवलं आणि निघाला. आता आमची पाळी. आजोबा थांबले, पाय टेकवला, मागे वळून पाहिलं. पुण्याची मुलगी वळणावरून आली, तिने हात केला. सगळं नियमाप्रमाणे झालं. आणि आजोबांनी गाडी पुलावर घातली.

आपल्या छावणीतला लोखंडी पूल तुम्ही पाहिला आहे. नगर रस्त्याने वाळूजला जायचं तर तो ओलांडूनच आजोबा वर्षानुवर्षं कामाला गेले. हे मला पुलाच्या मध्यावर आठवलं, चाकाखाली फळ्यांचा तो खडखडाट ऐकताना. तरी मी स्वतःला सांगितलं, फोटो काढायचा असेल.

मी दोनदा थाप दिली. ते थांबले नाहीत. पूल संपला. पुढचा रस्ता अरुंद होता, वरून घसरलेली खडी त्याच्यावर पसरलेली, आणि खाली राखेच्या रंगाचं पाणी. मी पुन्हा दोनदा थाप दिली, मग पुन्हा. तेव्हा कुठे त्यांनी वेग कमी केला, गाडी नीट डाव्या बाजूला घेतली, पाय टेकवला, हेल्मेटची काच वर केली आणि अर्धवट मागे वळून अगदी आदराने विचारलं,

"ताई, तुम्हाला कुठं सोडू? मी वाळूजपर्यंतच चाललोय. पहिली पाळी आहे."

चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, भीती नव्हती. बसथांब्यावरून कुणा दमलेल्या बाईला उचललं असावं, तसे ते माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्या नजरेत स्वतःला शोधलं. नव्हते मी तिथे.

माझ्या तोंडून आपल्या घराचाच पत्ता निघाला, "उस्मानपुऱ्यात."

"अहो, मग आपण उलटं आलो की," ते हसले. "आधी सांगायचं ना."

"चुकलं माझं."

"असू द्या. फेरा पडला थोडा, त्यात काय. नीट धरून बसा."

एवढ्याशा रस्त्यात, एका बाजूला कडा असताना, त्यांनी गाडी फिरवली. पायाने मागे ढकलत, हँडल तोलत, कुठेही न अडखळता. मग निघायच्या आधी ते थांबले. कशासाठी थांबलेत ते मला कळेना. मी सवयीने तळहात त्यांच्या पाठीवर टेकवला. त्याबरोबर त्यांनी गाडी पुढे काढली. तो हात त्यांना ओळखीचा होता. म्हणजे मी कुठेतरी शिल्लक होते, पण तेवढीच.

फाट्यावर वाटाड्या परत येऊन उभा होता आणि ती मुलगी घाबरून रडत होती. माणसं पाहताच आजोबा भानावर आले. "पूल बघून यावंसं वाटलं," ते म्हणाले. मी वाटाड्याला बाजूला नेऊन सगळं इंग्रजीत सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांच्यापासून काही लपवायला मी इंग्रजी कधी वापरली नव्हती.

मागून आजोबा म्हणाले, "माझ्याबद्दल चाललंय ते कळतंय मला. आमच्या कारखान्यातले कागदही इंग्रजीतच यायचे."

वाटाड्याने मला विचारलं, "आंटीजी, चाबी मैं माँगूँ या आप लेंगी?"

मी पुढे झाले. नुसता हात पुढे केला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. किल्ली काढली, खिशातल्या रुमालाने पुसली, जशी ते कारखान्यात पुढच्या विभागाकडे गाडी सोपवताना पुसत असतील, आणि माझ्या हातावर ठेवली. "धर," एवढंच म्हणाले.

तिथून आम्ही दोघं पिकअपमध्ये बसलो. त्यांची गाडी मेकॅनिक चालवत पुढे होता आणि आजोबा काचेतून तिच्यावर नजर ठेवून होते. "चढावर दुसरा गिअर टाक की रे," ते पुटपुटायचे. "नाय टाकत. ओढून मारणार तिला." मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला हात कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

संध्याकाळी काझाच्या मुक्कामी, थुक्प्याची, म्हणजे तिकडच्या शेवयांच्या सूपची, वाटी समोर तशीच ठेवून, त्यांनी विचारलं, "पुलाच्या पलीकडं काय झालं होतं? खरं सांग."

मी विचार केला, सांगू नये. पण आम्ही एकमेकांना खोटं सांगत आलो नव्हतो.

"तुम्ही मला ताई म्हणालात."

त्यांनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हणजे आता राखी आणावी लागंल."

मला हसू आलं, इतकं की थांबेना, आणि ते हसू कधी फिरलं ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात टेकवला. सपाट. निघा.

पुढची खिंड आम्ही पिकअपमधूनच ओलांडली. वाऱ्यात पताका फडफडत होत्या, सगळ्यांनी फोटो काढले. आमच्या फोटोत, जो तुमच्या घरी भिंतीवर आहे, आजोबा मोटरसायकलला टेकून उभे आहेत. ती त्यांची नव्हती. त्या मुलीने कौतुकाने आपली गाडी पुढे केली होती, म्हणाली, "काका, गाडीशिवाय फोटो कसला?"

घरी आल्यावर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराचं नाव तुमच्या बाबांना ठाऊक आहे. ते म्हणाले, आई, अंगणातली मोटरसायकल विकून टाक, दिसायलाच नको. मी किल्ली कपाटात साड्यांच्या मागे ठेवली, पण गाडी विकली नाही. आजोबा रोज संध्याकाळी कपडे करून तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे आणि खिसे चाचपायचे. तो खिसे चाचपणारा माणूस मला पाहवेना. एक दिवस मी हेल्मेट आणली, एक त्यांना दिलं, एक मी घातलं, आणि मागे बसले. गाडी स्टँडवरच होती. मी पाठीवर हात टेकवला. ते निघाले.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. ते तोंडाने सांगत असतात, "क्रांती चौक आला. सिग्नल लाल आहे." आपा कुंपणाच्या पलीकडून विचारतात, "आज कहाँ की सवारी?" मी दोनदा थाप देते, ते ब्रेक दाबतात. मग मी वाट पाहते. काही दिवशी ते म्हणतात, "उतर, घर आलं." काही दिवशी म्हणतात, "ताई, कुठं सोडू?" आधी आठवड्यातले बरेच दिवस माझे असायचे. आता तसं राहिलं नाही. आणि परवा मी दोनदा थाप दिली, पुन्हा दिली, तरी त्यांचा पाय ब्रेककडे गेला नाही. ते चालवतच राहिले. मी खांद्यावरचा हात काढला नाही. दिवेलागण झाली तेव्हा ते वाळूजला पोचले होते आणि मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही.

दिवाळीत तुम्ही येणार आहात. तुम्ही मागे बसायचा हट्ट कराल, आणि तुम्ही बसावं असं मलाही वाटतं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा. हेल्मेट घाला. बसल्यावर आधी तळहात आजोबांच्या पाठीवर टेकवा, नाहीतर ते निघणार नाहीत. मागचं माणूस नीट बसल्याशिवाय ते कधीच निघाले नाहीत. त्यांनी "कुठं सोडू?" असं विचारलं तर आपलं नाव सांगू नका. नाव सांगितलं की ते ओशाळतात. ठिकाण सांगा. उस्मानपुरा म्हणा. तिथला रस्ता त्यांना अजून येतो.