बाबूघाटापर्यंत

ओल्या वेणीला धुण्याला द्यावा तसा पीळ देत ती काठावर उभी राही आणि विचारी, "काका, आज किती पाणी खाल्लंत?" तिचा जन्म कलकत्त्याचा. तिच्या मराठीत पाणी पीत नसत, बंगाल्यांप्रमाणे खात असत. मी मात्र ढाकुरियाच्या तळ्याचे पाणी खरोखरच खात होतो, रोज सकाळी, पोटभर.

मी खिदिरपूरच्या गोदीत सरकारी नोकरीवर बदलून आलो होतो. कंबर धरली म्हणून भवानीपूरच्या एका मराठी डॉक्टरांकडे गेलो. ते कुटुंब आजोबांपासून तिथलेच. डॉक्टरांनी औषधाऐवजी पोहणे सांगितले आणि शिकवायला आपली मुलगी दिली. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवत असे आणि सकाळी तळ्यावरच्या क्लबात आमच्यासारख्या जड माणसांना तरंगवत असे.

पोटाखाली हात धरून पोहायला शिकवणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती कधी धरत नसे. हाताच्या अंतरावर उभी राही आणि आपण झेप घेतली की तेवढीच मागे सरके. "मला धरू नका, पाण्याला धरा," हे ती इतक्या शांतपणे म्हणे की बुडण्याची भीती वाटायच्या आधी धडपडण्याची लाज वाटे.

मराठी मंडळाच्या गणपतीत बायका तिची थट्टा करत. हिच्या सासरी विहीर असली तर आधी तिला झाकण घालून घ्यायला सांगा, असे कोणी म्हटले की ती मोदकाची पारी वळता वळताच उत्तर देई, "झाकण उघडायला शिकेन ना, काकू." सगळ्या हसत. हसून झाल्यावर एखादी तिच्या आईकडे सहानुभूतीने पाही.

मग तिचे लग्न ठरले. मुलगा इंदूरचा, इंजिनिअर. थंडीत कार्य व्हायचे होते. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती. नदीतल्या एका मोठ्या शर्यतीसाठी क्लबातून एकाच मुलीला पाठवणार होते आणि त्यासाठी हुगळीवर परीक्षा होती. दक्षिणेश्वराच्या घाटावरून ओहोटीबरोबर निघायचे आणि हावड्याच्या पुलाखालून बाबूघाटापर्यंत यायचे. बरोबर होडी असे. तीत नावाडी, क्लबाचा पंच आणि पोहणाऱ्याच्या घरचे एक माणूस. नियम साधा होता. होडीतल्या कोणी पोहणाऱ्याला हात लावला की परीक्षा रद्द.

आईने नाही म्हटले. डॉक्टरांनी बरेच दिवस विचार केला आणि मला बोलावून घेतले.

"माझं काळीज तिथे टिकायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही बसा होडीत. ती कशी पोहते ते नीट बघा आणि मला येऊन सांगा."

घाटाच्या पायरीवर तिने मला एवढेच बजावले की वाटेत ती पाठीवर पडून डोळे मिटेल, हाक मारली तरी ओ देणार नाही, तीच तिची विश्रांती. "घाबरू नका, काका. आणि हात होडीतच ठेवा."

नदी मातकट होती. झेंडूच्या माळा आणि जलपर्णीचे पुंजके आमच्याबरोबर वाहत होते. त्यांच्यातून ती वाट काढत होती, घाई नाही, थकवा नाही. गळ्यात शिट्टी अडकवलेला पंच बंगालीत तिचे कौतुक करत होता आणि ते माझेच असल्यासारखा मी मान डोलवत होतो.

हावड्याचा पूल जवळ आला तेव्हा पलीकडून एक लाँच सुटली. तिच्या लाटांनी आमची होडी उचलून आपटली. पाणी बसले तेव्हा ती पाठीवर होती, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. मी हाक मारली. पुन्हा हाक मारली. आणि वाकून तिचे मनगट घट्ट धरले.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या हाताकडे पाहिले.

"काका, सोडा."

शिट्टी तोवर वाजली होती. पंचाने हळुवारपणे सांगितले की आता होडीत आलीस तरी चालेल. तिने नाही म्हणून मान हलवली, कुशीवर वळली आणि पुढे पोहू लागली.

त्या क्षणी मला काय दिसले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. तिचा चेहरा नीट पाहिला असता तर ती विसावली आहे हे मला कळले असते. मला दिसले डॉक्टरांचे दार आणि त्या दारात वाईट बातमी घेऊन उभा असलेला मी. मी तिला वाचवायला वाकलो नव्हतो. मी स्वतःला बोल लागू नये म्हणून वाकलो होतो.

ती कपडे बदलायला क्लबात गेली आणि मी टॅक्सीने आधी भवानीपूरला पोहोचलो. डॉक्टर दारातच उभे होते. मी म्हणालो, "मी वेळेवर हात धरला." वाक्य एवढेच. डॉक्टरांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. आतून तिच्या आईंनी साखर आणून माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ती खाल्ली. संध्याकाळपर्यंत कलकत्त्यातल्या सगळ्या मराठी घरांत कळले की मी एका मुलीला हुगळीतून ओढून काढले.

दोन-चार दिवसांनी ती माझ्याकडे आली. पंचाने स्वतःहून पुन्हा परीक्षा घेण्याची तयारी दाखवली होती. फक्त वडिलांचा होकार हवा होता.

"बाबांना वाटतं, मी हट्टानं खोटं बोलतेय. तुमचं ते ऐकतील. मी बुडत नव्हते, एवढंच सांगा."

मी सांगतो म्हणालो. गेलोही. डॉक्टर एका रुग्णाला माझीच गोष्ट सांगत होते. रुग्णाने उठून मला खुर्ची दिली. चहा आला, पोहे आले. मी गोदीतल्या संपाविषयी बोललो, कंबरेविषयी बोललो आणि उठून आलो.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले. पाण्यात उतरल्यावर नेहमीसारखी हाताच्या अंतरावर उभी राहिली आणि म्हणाली, "कंबरेतून नाही काका, खांद्यातून." त्या दिवशीही तिने मला शिकवले. ती रागावली असती तर मला सोपे गेले असते.

थंडीत लग्न झाले. ती इंदूरला गेली. पुढे डॉक्टरांकडून तिची खुशाली कळत असे: घर मोठे आहे, माणसे चांगली आहेत, सासूला सुनेच्या हातची कढी आवडते. पाण्याचा विषय कधी निघाला नाही. मीही तळ्यावर जाणे सोडले होते.

काही वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा दवाखान्यात डॉक्टर एकटेच होते. लाँच, तिचे मिटलेले डोळे, तिने आधीच दिलेली सूचना आणि माझा हात, हे सारे मी तेव्हा त्यांना सांगितले. मी रागाची वाट पाहत राहिलो.

"तेव्हा बोलला असतात, तर मी तिला पुन्हा पाठवलं असतं," ते म्हणाले.

नंतर ते टेबलावर पुढे वाकले.

"म्हणजे पुलापासून पुढे ती एकटीच गेली? बाबूघाटापर्यंत? ती सांगत होती, मला खरं वाटलं नाही."

"एकटीच गेली."

"कशी गेली?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "दमली होती का? हात कसा पडत होता तिचा? सांगा ना."

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ऐकण्यासाठी डोळे मिटून घेतले. आयुष्यात एकदाही त्यांनी मुलीला नदीत पोहताना पाहिले नव्हते.

मी काय सांगणार होतो? पुलापासून बाबूघाटापर्यंत मी मान खाली घालून होडीच्या तळाशी साचलेले पाणी पाहत बसलो होतो.