गल्लीचं फाटक

भाजीवाल्या सखूमावशींनी आज फाटकाच्या गजांतून मेथीची जुडी आत सरकवली, तेव्हा चार पानं गजालाच अडकून राहिली. हे फाटक आम्हीच बसवलं. चोऱ्यांच्या भीतीनं सगळी गल्ली एक झाली होती. रविवारी सगळ्यांनी मिळून ते रंगवलं, जोशीकाकूंनी पातेलंभर पोहे केले. एवढे शेजारी एकत्र मी नंतर कधी पाहिले नाहीत.

आता गल्ली सुरक्षित आहे म्हणे. मागच्या वस्तीतली पोरं इथून ओरडत शाळेत जात नाहीत, बोहारीण हाक देत नाही. संध्याकाळी ओट्यावर कुणी बसत नाही. बसून बघायचं तरी कुणाला?

पैसे घेताना मावशींनी कुलपाकडे पाहिलं.

"ताई, चोर तर भाईरच हाय न्हवं? मग कोंडलंय तुमास्नी कशापायी?"