गंजलेला बोल्ट

सुनेनं शिलाई मशीन घासलेटनं पुसायला घेतलं आणि त्या वासानं मी धुळ्याच्या अंगणात पोचले. नवं लग्न होतं. आमचे हे लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या मोटारीखाली आडवे पडून सायलेन्सरच्या गंजलेल्या बोल्टला घासलेट पाजत होते. पान्यानं आधी किंचित आवळायचे, मग हलकेच सोडवायचे. तो तुटला तर पारोळ्याच्या बाजाराची फेरी बुडणार होती. "धीर धर, भाऊ, घाई नही शे," असं ते बोल्टलाच सांगत होते. ताटातली कळण्याची भाकरी गार झाली, तशी मी फणकारले, "मन्हासंगे इतलं गोड कधी बोलतस का?"

गाडीखालून उत्तर आलं, "तू कोठे गंजेल शे?"

रागानं मी भाकरी गाईला घातली.

आता माझे गुडघे गंजलेत, आणि 'धीर धर' म्हणायला हे राहिले नाहीत. त्या बोल्टचा मला अजून हेवा वाटतो.