तिसरा प्लॉट

आमच्या कंपनीत आम्ही सहा जण. नाशिक रोडला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. द्राक्षबागेत कोणतं औषध कधी फवारलं याची नोंद ठेवणारं मोबाइल ॲप आम्ही बनवतो. औषध मारल्यावर किती दिवसांनी माल तोडायला हरकत नाही, हे ते सांगतं. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. निर्यातदारांसाठी ‘पूर्ण’, तिच्यात चाळीसेक रकाने. लहान बागायतदारांसाठी ‘साधी’, तिच्यात चार बटणं. साधी माझी. तिच्यातून एकेक गोष्ट काढून टाकताना मला कपाट आवरल्याचा आनंद व्हायचा. शेरा लिहायची जागाही मीच काढली. शेतकऱ्याला एवढं काय लिहायचं असतं, असं मी मीटिंगमध्ये चक्क बोलून गेले होते.

जानेवारीत आम्ही ठरवलं, साध्या आवृत्तीत दोनच प्लॉट, म्हणजे बागेचे दोनच तुकडे, ठेवायचे. ज्याला जास्त हवेत त्यानं ‘पूर्ण’ घ्यावी. शुक्रवारी हा बदल सगळ्यांच्या फोनवर जाणार होता. तो कोणाला नडेल हे बघायला मी यादी काढली, तर सायखेड्याच्या एका बाईंच्या नावावर तीन प्लॉट दिसले. नाव नोंदवताना त्यांनी दोनच सांगितले होते. मग हा तिसरा आला कुठून? त्यातल्या नोंदीही चमत्कारिक. तारीख आहे, पण औषधाचं प्रमाण कुठेच नाही. दोन ठिकाणी तर औषधाच्या नावाऐवजी नुसतं ‘पांढरा डबा’.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “चुकून पडलंय, उडवून टाकतो.” मी त्याला थांबवलं. फोन करून भागलं असतं, पण मला एकदा असा प्रश्न चावला की चैन पडत नाही. बुधवारी सकाळी मी स्कूटर काढली.

बाई पन्नाशीच्या. बागेतच भेटल्या. मी म्हटलं, “काकू, तुमचा तिसरा प्लॉट दाखवता का?” त्यांनी मला बांधापर्यंत नेलं आणि पलीकडे बोट दाखवलं. “ह्यो.”

“पण हा तुमचा नाही ना?”

“दिराचा हाय. वारं तिकडून हिकडं येतं. त्यांचा फवारायचा ब्लोअर चालला की माझ्या बांधालगतच्या चार ओळी ओल्या व्हत्यात. गेल्या साली माझं सॅम्पल फेल गेलं. जे औषध मी घरात आणलंच नाय, ते घडात सापडलं. तपासायला आलेल्या सायबाला सांगितलं तर तो हसला. म्हणला, सगळे असंच म्हणत्यात.”

त्या वर्षी परदेशी जाणारा सगळा माल त्यांना इथल्याच बाजारात घालावा लागला होता. यंदा त्यांनी शेजारच्या फवारण्या लिहायला सुरुवात केली. बांधावर रिकामा डबा दिसला की नाव वाचायचं. वाचता आलं नाही तर रंग लिहायचा.

“सोमवारी सॅम्पलवाला येनार हाय,” त्या म्हणाल्या. “दिरानं परवाच मारलंय. तुमचं ॲप म्हणतंय अजून सोळा दिवस. म्हणून त्या चार ओळी मी मालात धरल्याच नाय.”

आणि सोमवारच्या आधी, शुक्रवारी, मी तो प्लॉट त्यांच्या फोनवरून गायब करणार होते. मला मनापासून लाज वाटली. तिथेच उभं राहून मी माझ्या फोनवर ‘पूर्ण’ आवृत्ती उघडून पाहिली. चाळीस रकान्यांत पाण्याचा सामू होता, नोझलचा प्रकार होता, वाऱ्याबरोबर शेजारून काय आलं याला जागा नव्हती.

लाज ओसरायच्या आत माझ्यातली हौस जागी झाली. मी विचारलं, “काकू, ‘शेजारी’ असा वेगळा रकानाच करून देऊ का?”

“नको बाई,” त्या चटकन म्हणाल्या. “माझा फोन घरात सगळेच बघत्यात, दिराची पोरं बी. त्यांनी वाचलं तर उद्या इथंच भांडण. तिसरा प्लॉट म्हणलं की कोणाला काय कळत नाय.”

गुरुवारी ऑफिसात मी हट्टाला पेटले. साध्या आवृत्तीत तिसरा प्लॉट कशाला, असं आमच्या कंपनीच्या साहेबांनी तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. बदल गेला, तो तीन प्लॉट ठेवूनच.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. सॅम्पल पास झालं होतं. तोडणी झाली होती, गाडी भरून गेली होती.

“आणि त्या चार ओळी?” मी विचारलं.

“हायेत की वेलीवर. जाऊबाई विचारत व्हत्या, एवढे घड कशाला मागं ठेवले. म्हणलं, ऱ्हाऊ द्या, जरा गोडी येऊ द्या.”