दिवस मावळल्यानंतरचं पाणी

दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही, हा नियम आमच्या घरात बायकोचा होता. मी जैन घरात जन्मलो एवढंच. साखर कारखान्यातली नोकरी पाळ्यांची, त्यामुळे वाटेल त्या वेळी जेवत आलो. ती मात्र लग्न होऊन आल्यापासून पाळत होती. "तुझ्या देवाला अंधारात दिसत नाही वाटतं," असं मी चिडवायचो. ती ऐकून घ्यायची आणि उन्हं कलली की तांब्या-भांडं घेऊन गॅलरीत यायची. "घ्या, अजून उजेड हाय." मी तिच्यासमोर प्यायचो आणि ती झोपली की माठातलं पुन्हा प्यायचो.

ती गेली आणि नियम मी उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीजवळच्या या घरात दिवसदिवस माझ्याशी कोणी बोलत नाही. मुलगा बंगळूरला असतो, त्याचा फोन रविवारी येतो. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून शेवटचं भांडं प्यायलो की तिनं हाक मारली म्हणून आलोय असं वाटतं. भक्तीबिक्ती काही नाही, मला एकटं वाटतं म्हणून मी हे करतो.

मागच्या हिवाळ्यात पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला, तोही शिरेतून औषध देऊन, म्हणजे आतलं नीट उठून दिसतं. फोनवरची मुलगी म्हणाली, "दुपारी दोनला या. चार तास उपाशी या." आमच्यात उपास म्हणजे पाणीसुद्धा नाही. तेव्हा आदल्या संध्याकाळी जे भांडं प्यायलो, त्यावरच गेलो. वर मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

स्कॅनची जागा तळघरात होती. अपघाताचे पेशंट मध्ये घुसत राहिले आणि दोनचे पाच वाजले. शेजारी आटपाडीकडची एक बाई बसली होती, नवऱ्याला घेऊन आलेली. त्याला पलीकडच्या खोलीत एमआरआयला नेलं होतं. मला सिस्टरनं आधी सगळं विचारून घेतलं. दमा आहे का, साखर आहे का, हे औषध पूर्वी कधी बाधलंय का. मासे खाल्ल्यावर अंगावर उठतं का, हेही विचारलं.

"आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही."

"त्याचा तसा संबंध नसतो आजोबा, सवयीनं विचारतो. सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणीतरी लागतं. औषध दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला उगाच आपण काहीतरी घरी विसरून आलो असं वाटलं. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "माझं नाव लिवा की. मी हाय हितं."

औषध गेलं तशी घशापासून मांड्यांपर्यंत ऊब उतरली. चड्डीतच झाली की काय असं वाटलं, पण तसं वाटेल हे सिस्टरनं आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. तोंडाला तांब्याच्या भांड्याची चव आली. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि मान खाजायला लागली. बघता बघता छातीवर, पोटावर गांधी उठल्या. आधी त्या बाईंच्याच लक्षात आलं. "सिस्टर, अण्णांच्या अंगावर उठलंय बघा," असं त्यांनी आत जाऊन सांगितलं.

डॉक्टर धावत आले. श्वास तपासला, रक्तदाब घेतला, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. खाज हळूहळू बसली. मग त्यांनी माझी जीभ बघितली.

"पाणी कधी प्यायलात?"

"काल संध्याकाळी."

"अहो, उपाशी म्हणजे जेवायचं नाही. पाणी चालतं." त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमची किडनी आधीच काठावर आहे. हे औषध तिच्यातूनच बाहेर पडतं. सलाईन देतोय, पण आज रात्रीही थोडं थोडं पाणी प्यायलंच पाहिजे. किडनी बसली तर पुढं अवघड आहे."

"दिवस मावळला का?" मी विचारलं.

"मघाशीच की," सिस्टर म्हणाली.

सलाईनचं मला काही वाटलं नाही. शिरेतून गेलेलं कोण धरतं. पण तोंडानं पाणी प्यायलो की ती हाक बंद होईल असं वाटलं आणि त्याची मला किडनीपेक्षा जास्त भीती वाटली. बाईंनी पुढं केलेली बाटली मी परत केली. म्हणालो, बायकोचा नियम आहे.

"मग त्यांनाच फोन करून इचारा."

"ती नाही आता."

बाईंनी बाटली मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "अण्णा, आमच्याकडं टँकरची वाट बघत्यात माणसं. पाण्याला न्हाई म्हणू न्हाई. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मला तिचं शेवटचं दुखणं आठवलं. रात्रीची गोळी पाण्याबरोबर घ्यावीच लागली, तेव्हा तिनं कुरकुर न करता घेतली आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून जेवली नाही. संध्याकाळी मीच म्हणालो, "पुरे आता, जेव." लगेच जेवायला बसली होती.

मी बाटली मागून घेतली आणि प्यायलो. बाईंचा नवरा बाहेर आला तरी माझं सलाईन संपेपर्यंत त्या थांबल्या. रिक्षात बसवून दिलं मला.

घरी आल्यावर सांगितल्याप्रमाणे पाणी घेत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिच्यासारखंच केलं. पाणी प्यायलो, पण जेवलो नाही. दुपारी भूक सपाटून लागली. संध्याकाळी भात टाकला, आमटी केली, ताट वाढून गॅलरीत नेलं आणि बसून राहिलो. उन्हं कठड्यावरून खाली उतरली. आता तिनं म्हणायला हवं होतं.

शेवटी मीच तिच्या लकबीत मोठ्यानं म्हणालो, "आवं, पुरं झालं. जेवा आता." आवाज माझाच निघाला. आणि तोवर दिवस मावळला होता.